पंक्चरची वर्गणी

जानेवारीत अख्खी मुंबई ‘कॉज’साठी धावते. पण व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणाऱ्यांना जुलैमध्ये ट्यूब कोण घेऊन देतं? मुलुंड ते अंधेरी व्हाया असल्फा, एका छोट्याशा फंडाची ही गोष्ट.

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की आपल्या ऑफिसांमध्ये एक साथ येते. सर्दी-खोकल्याची नव्हे, लिंक पाठवण्याची. लिफ्टमध्ये, कॅण्टीनच्या रांगेत, अगदी अप्रेझलच्या मीटिंगमधून बाहेर पडतानासुद्धा कुणीतरी गाठतंच. ‘अगं, माझी लिंक पाहिलीस ना?’ म्हणजे तो मॅरेथॉनमध्ये धावणार असतो, कुठल्यातरी संस्थेसाठी, आणि आपण पाचशे रुपये टाकायचे असतात. नाही म्हणायची सोय नसते, कारण मागच्या वर्षी आपल्या लिंकवर त्यानेही टाकलेले असतात. थोडक्यात काय, तर गणपतीच्या वर्गणीचं हे कॉर्पोरेट रूप. पावती पुस्तकाऐवजी लिंक, एवढाच काय तो फरक!

मला यात काही वाईट दिसत नाही, हे आधीच सांगते. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा भल्या पहाटे उठून धावणाऱ्यांना आपण वेड्यात काढायचो. आज त्याच एका रविवारच्या निमित्ताने कोट्यवधी रुपये उभे राहतात. २०२४ मध्ये तर हा आकडा सत्तर कोटींच्या वर गेला. आणि सीएसएमटीसमोर ‘चॅम्पियन्स विथ डिसॅबिलिटी’ची शर्यत सुटते ते दृश्य ज्याने पाहिलंय त्याला पुढची दोन वर्षं ऑफिसच्या खुर्चीबद्दल तक्रार करायची लाज वाटेल. रंगीत टोप्या, झेंडे, ढोल, ढकलणारे मित्र, ‘ढकलू नकोस रे, मी जातो’ म्हणून त्यांच्यावर खेकसणारे व्हीलचेअरवाले... सॉलिड माहोल असतो.

पण रविवार संपतो. आणि आमच्या अकाउण्ट्समधला कॅप्टन म्हणतो तसं, ‘सोमवारी आम्हाला ट्यूब लागते.’

हा कॅप्टन म्हणजे आमच्या अंधेरीच्या ऑफिसातला सहकारी. नाव छापायचं नाही ही त्याची अट. लहानपणी पोलिओ झाला, चालतो कुबड्यांवर, एक्सेल चालवतो वाऱ्याच्या वेगाने आणि रविवारी सकाळी मुलुंडला व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतो. त्याच्या टीमला नाव नाही, लोगो नाही, टी-शर्टसुद्धा सगळ्यांचे सारखे नाहीत. नऊ खेळाडू, खेळायच्या खुर्च्या सहा. म्हणजे तिघं कायम बाहेर बसून कॉमेण्ट्री करणार! पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, तुम्हाला काय म्हणायचं, अपंग की दिव्यांग? तो म्हणाला, ‘काहीही म्हण, फक्त बिचारा म्हणू नकोस. आणि पॉइण्ट मोजता येत असतील तर स्कोअर लिही.’

मी स्कोअर लिहायला लागले.

हा खेळ हळू नाही

तुम्ही हा खेळ कधी पाहिला नसेल तर डोक्यातली हॉस्पिटलची व्हीलचेअर आधी काढून टाका. खेळायच्या खुर्चीला मागे हॅण्डल नसतं, कारण ढकलायला कुणी येणारच नसतं. दोन्ही मोठी चाकं खालच्या बाजूला बाहेर फाकलेली असतात, त्यामुळे खुर्ची जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते आणि बाजूने धडक बसली तरी सहज कलंडत नाही. मागे एक बारकं चाक असतं, उलटं पडू नये म्हणून. खेळाडू कमरेला पट्टा बांधून बसतो. समोरून दोन खुर्च्या येऊन एकमेकींवर आदळतात तेव्हा जो आवाज होतो ना, तो ऐकून आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी पहिल्यांदा डोळेच मिटून घेतले होते.

कोर्ट तेवढंच, नेहमीचं. रिंगही दहा फुटांवरच. म्हणजे बसून मारायचा बॉल, पण उंचीत सवलत शून्य! चेंडू मांडीवर घेऊन चाकाला फार तर दोन रेटे द्यायचे, मग टप्पा तरी द्यायचा किंवा पास तरी. उभ्याने खेळणारे ‘डबल ड्रिबल’ म्हणून ज्यावर ओरडतात तो नियम इथे नाही. आणि सगळ्यात भारी फंडा आहे तो पॉइण्ट्सचा. शरीरावर कितपत ताबा आहे त्याप्रमाणे प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ असा अंक मिळतो. कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे धडधाकट हातापाठीचे पाच पैलवान उतरवून मॅच मारता येत नाही. ज्याला कमरेतून वळताही येत नाही तो एक पॉइण्टवाला टीमला हवाच असतो, आणि त्याने नुसती खुर्ची आडवी घालून दिलेली वाट हीच पुढच्याची बास्केट असते. ऑफिसमधल्या टीम-बिल्डिंगवाल्यांनी शिकावं असं इथे बरंच काही आहे... असो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या जखमी सैनिकांनी हा खेळ सुरू केला, १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासून तो तिथे आहे. आपल्याकडे मात्र व्हीलचेअर बास्केटबॉलची राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती २०१४ मध्ये, चेन्नईत, माधवी लता यांच्या पुढाकाराने. म्हणजे ही सगळी कालपरवाची गोष्ट. कॅप्टन शाळेत होता तेव्हा पीटीच्या तासाला त्याला वर्गातल्या दप्तरांवर लक्ष ठेवायला बसवत.

छोटा हत्ती

आता पैशांचं. परदेशातून मागवलेली खेळायची खुर्ची लाखांच्या घरात जाते. देशी बनावटीची बरीच स्वस्त पडते. कॅप्टनच्या टीमकडच्या सहाही देशी आहेत, एका कंपनीने दिलेल्या. कंपनीने चेक दिला, फोटो काढला, बॅनर लावला. सगळं रीतसर. पण खुर्ची मिळाली म्हणजे खेळ सुरू झाला असं वाटत असेल तर ते फक्त बॅनर छापणाऱ्याला.

ट्यूब फुटते. स्पोक तुटतात. बेअरिंगमध्ये माती जाते. आणि खुर्ची लोकलमध्ये चढत नाही! खेळाडूंपैकी चौघे जण रोजच्या व्हीलचेअरवर असतात, तिच्यावरून येतात आणि कोर्टवर येऊन खेळायच्या खुर्चीत बसतात. म्हणजे त्या सहा खुर्च्या वेगळ्या आणाव्या लागतात. त्या ठेवलेल्या असतात भांडुपच्या एका बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या बोळकांडीत, ताडपत्रीखाली. दर रविवारी सकाळी साडेसहाला छोटा हत्ती येतो, त्या चढवतो, मुलुंडच्या एका शाळेच्या कोर्टवर उतरवतो आणि दहा वाजता परत नेतो. टीमच्या वर्षभराच्या हिशेबात सर्वांत मोठा खर्च कुठला असेल तर तो खुर्चीचा नाही, कोचचा नाही. टेम्पोचा!

आणि टेम्पोला स्पॉन्सर मिळत नाही. छोट्या हत्तीच्या भाड्याबरोबर फोटो कोण काढून घेणार?

त्याआधी ही मंडळी एका हॉलमध्ये खेळायची. कुठला ते नाही सांगत. तिथल्या व्यवस्थापनाने एके दिवशी सांगितलं की चाकांनी लाकडी फ्लोअरिंगवर चरे पडतात. चरे पडले नव्हते, कॅप्टनने मॅनेजरला गुडघे टेकून बघायला लावलं होतं. तरी ‘पुढच्या महिन्यापासून लग्नाचा सीझन’ या कारणाने जागा गेली. शाळेचं कोर्ट उघड्यावर आहे. पाऊस सुरू झाला की प्रॅक्टिस बंद. जुलैमध्ये ट्यूब कशाला लागते याचं उत्तर इथे आहे. महिनाभर ताडपत्रीखाली दमट हवेत पडलेल्या खुर्च्यांचे टायर आणि ट्यूबच आधी जातात.

मर्चंट, वाडेकर आणि आपण

वर्गणी काढून खेळाडू पाठवायची रीत या शहराला नवी नाही, उलट ती जरा विसरल्यासारखी झालीय. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आठवतात? २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आला आणि अचानक सगळ्यांना कळलं की भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण एका मराठी माणसाचं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहला आणि ३७.३३ सेकंदांत पहिला आला. सिनेमा बघून निघताना लोक कार्तिक आर्यनच्या बॉडीबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न: हा माणूस जर्मनीला गेला कसा? तिकिटाचे पैसे कुणी दिले? तर त्यामागे होते मुंबईचे जुने दिग्गज क्रिकेटपटू विजय मर्चंट. अपंगांसाठी काम करणाऱ्या ज्या संस्थेत ते होते तिने पेटकरांच्या प्रवासाचा भार उचलला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, म्हणजे शेहेचाळीस वर्षं. तिकीट मात्र वेळेवर निघालं होतं, आणि गोल्ड मेडल तिकिटाशिवाय मिळत नाही.

दुसरं नाव अजित वाडेकरांचं. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडला त्यांच्या घरात हरवणारा कॅप्टन एवढंच आपण शाळेत शिकलो. पण हेच वाडेकर नंतर वर्षानुवर्षं शारीरिकदृष्ट्या अपंग खेळाडूंच्या क्रिकेटची संघटना चालवत होते. तिच्यामागे बीसीसीआयचा पैसा नव्हता. त्यांच्या नावाच्या वजनावर आणि ओळखीपाळखीवर सामने व्हायचे. १५ ऑगस्ट २०१८ ला वाडेकर गेले. जवळजवळ वर्षाने, १३ ऑगस्ट २०१९ ला, इंग्लंडमधल्या वूस्टरच्या मैदानावर भारताने यजमान इंग्लंडला ३६ धावांनी हरवून अपंगांची वर्ल्ड सिरीज जिंकली. कॅप्टन विक्रांत केणी, फायनलमध्ये फिफ्टी मारणारा रवींद्र संते, कोच मुंबईचे सुलक्षण कुलकर्णी. आपलीच माणसं. वाडेकरांना ते पाहायला मिळालं नाही.

पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. जगज्जेते परत आले, हारतुरे झाले, आणि बक्षिसाची वाट पाहण्यात महिने गेले. बीसीसीआयचा ६५ लाखांचा चेक आला तो २०२० उजाडल्यावर. मग २०२१ मध्ये वेगवेगळ्या अपंग क्रिकेट संघटनांना एका छत्राखाली आणणारी कौन्सिल झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये कोलंबोत केणीच्याच टीमने पुन्हा इंग्लंडला फायनलमध्ये हरवलं, या वेळी ७९ धावांनी. म्हणजे आधी जिंकायचं, मग मदत मिळायची. ज्या वर्षांत ही मुलं वाडेकरांच्या संघटनेतर्फे मिळेल त्या मैदानावर खेळत होती, त्या वर्षांचा खर्च कुणीतरी भरलाच ना? तो भरला भाऊ, मेहुणे, ऑफिसमधले मित्र आणि गल्लीतले दुकानदार यांनी. त्याच्या पावत्या नाहीत.

कंपनी का देत नाही?

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. ‘अगं, सीएसआर आहे ना!’ आहे. कायद्यात पॅरालिम्पिक खेळांचं प्रशिक्षण चक्क नाव घेऊन लिहिलंय. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालवायचे हे २०१४ पासून लागू आहे. मी आमच्याच ऑफिसच्या सीएसआर बघणाऱ्या ताईंसमोर जाऊन बसले. त्यांनी अतिशय प्रेमाने यादी दिली. संस्था नोंदणीकृत हवी. आयकराची नोंदणी हवी. तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. सीएसआरसाठी वेगळी नोंदणी हवी. ऑडिट हवं. त्यांचंही चूक नाही, दुसऱ्याचा पैसा आहे. पण नऊ खेळाडू, सहा खुर्च्या आणि एक ताडपत्री एवढी ज्यांची इस्टेट, त्यांच्याकडे ऑडिट कुठलं? सीएसआरचा पैसा मोठ्या, जुन्या संस्थांकडे जातो. नीना फाउंडेशन, अ‍ॅडॅप्ट यांच्यासारख्यांनी इतकी वर्षं काम करून ती पत कमावली आहे. छोट्या टीमला त्या उंचीपर्यंत पोचायच्या आधी जी तीन-चार वर्षं जगायचं असतं, तिथे कंपनी नाही, सरकार नाही. तिथे फक्त शेजारी असतो.

बरं, शेजाऱ्याकडून मागायचं तरी नियम आहेतच. गणपती मंडळंसुद्धा धर्मादाय आयुक्तांकडून ‘४१ क’ची परवानगी घेऊन वर्गणी काढतात. कॅप्टनच्या स्वतःच्या खात्यात सगळ्यांनी पैसे टाकायचे, हा आमच्यापैकी एकाचा सोपा उपाय अकाउण्ट्सवाल्या कॅप्टननेच हाणून पाडला. ‘उद्या आयकरवाले मला विचारतील, टेम्पो तुझा का?’ शेवटी मुलुंडमधल्याच एका जुन्या, नोंदणी असलेल्या क्रीडा मंडळाला गाठलं. त्यांनी एका अटीवर हो म्हटलं: प्रत्येक रुपयाची पावती त्यांच्या पुस्तकातून फाडायची. आनंदाने!

कमिटी विरुद्ध कॅप्टन

आता इव्हेण्ट काय करायचा? पहिली कल्पना अर्थातच ऑर्केस्ट्रा. दुसरी, फूड स्टॉल. तिसरी एका काकांची: ‘त्यांच्यावर एक हृदयस्पर्शी फिल्म दाखवू या.’ कॅप्टनने माझ्याकडे असं बघितलं की मी मीटिंग तिथेच संपवली.

उपाय सापडला भलतीकडेच. परदेशात बर्फावर स्लेज हॉकी खेळतात, हे तुम्हाला माहीत आहे? १९६० च्या दशकात स्टॉकहोममध्ये पायाने अधू असलेल्या काही जणांनी हॉकीशिवाय करमेना म्हणून पात्यांवर चालणारी बसकी घसरगाडी बनवली. दोन्ही हातांत दोन आखूड स्टिका, एका टोकाने बर्फ रेटायचा, दुसऱ्याने चकती मारायची. १९९४ पासून हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये तो खेळ आहे. अमेरिकेत गावोगावी असे क्लब आहेत आणि त्यांचा पैसा उभा करायचा एक हुकमी प्रकार म्हणजे गावातल्या धडधाकट लोकांना, पोलिसांना, फायर ब्रिगेडवाल्यांना त्याच घसरगाडीवर बसवायचं आणि क्लबच्या पोरांशी मॅच लावायची. (आपल्याकडे बर्फ म्हणाल तर गोराईच्या खाडीपलीकडे, एस्सेलवर्ल्डमध्ये होता. बोरिवलीहून बोटीने जाऊन तिथे सपाटून आपटलेली आमची अख्खी पिढी आहे. ते पार्कही २०२२ मध्ये बंद झालं.)

बर्फ नाही तर नाही, खुर्च्या आहेत! २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर वडे खाऊन घरी जायचं, ही आमच्या सोसायटीची परंपरा. त्या वर्षी वडे शाळेच्या कोर्टवर ठेवले. सामना: सोसायटी कमिटी विरुद्ध कॅप्टनची टीम. खुर्च्या सहाच, म्हणून तीन विरुद्ध तीन, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव.

सेक्रेटरी काका रोज सकाळी जॉगिंग करतात. पहिल्या मिनिटाला त्यांनी चेंडू मांडीवर घेतला, जोर लावला आणि खुर्ची गोल फिरून ते स्वतःच्याच रिंगकडे तोंड करून थांबले. ट्रेझरर ताईंचा शॉट रिंगच्या चार फूट खाली संपला. बसून बॉल वर फेकायला पोट, पाठ, खांदा सगळं लागतं हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि प्रेक्षकांतल्या पोरांनाही. पहिल्या डावात २२-०. दुसऱ्या डावात कॅप्टनने दया दाखवून एका हाताने खेळायचं ठरवलं, तरी ३८-२. ते दोन पॉइण्टही आमच्या आठवीतल्या एका मुलीचे, जिने काकांना खुर्चीतून उठवून स्वतः जागा घेतली होती. कॅनडात अंतर्गत लीगमध्ये धडधाकट लोकांनाही खुर्चीवर बसून खेळू देतात म्हणे. इथे तिने परवानगी वगैरे विचारलीच नाही.

त्या पूर्ण सकाळी ‘बिचारे’ हा शब्द एकदाच ऐकू आला. तो कमिटीबद्दल होता.

असाच आनंद मला दहीहंडीला नयन फाउंडेशनच्या दृष्टिहीन गोविंदा पथकाला बघताना होतो. ते थर लावतात तेव्हा खाली उभ्या माणसाच्या मनात दया येत नाही, धाकधूक येते, पडतील की काय अशी. कुठल्याही पथकाबद्दल येते तशीच.

कोर्टच्या कडेला आम्ही फळ्यावर भाव लिहिले होते. पंक्चर ५० रुपये. ट्यूब ३५०. एकाचं रिक्षाभाडं, जाऊन-येऊन, ४००. टेम्पोचा एक रविवार, १,५००. ‘देणगी’ हा शब्दच नव्हता. लोकांनी मेन्यूकार्ड वाचावं तसा तो फळा वाचला. एका आजींनी दोन पंक्चर घेतली आणि नातवाच्या नावाने पावती फाडायला लावली. कॉलेजच्या चार पोरांनी मिळून अर्धा टेम्पो घेतला. सेक्रेटरी काकांनी घामाघूम होऊन ‘एक टेम्पो माझा’ म्हटलं आणि वर दम भरला, ‘पुढच्या वर्षी प्रॅक्टिस करून येतो.’

आम्हाला हवं होतं ते मात्र निराळंच. एकदाचे पैसे नकोत, दरमहा शंभर रुपये द्या, बॅंकेतून आपोआप जातील असे. त्या दिवशी एकतीस जणांनी नावं दिली. पाऊस सुरू झाला तेव्हा बावीस उरले होते. दोघांनी नोकरी बदलली, एकाने बॅंक, बाकीच्यांचं काय झालं देव जाणे. पण बावीसशे रुपये दर पाच तारखेला मंडळाच्या खात्यात येतात. आणि कॅप्टन म्हणतो, गेल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या महिन्याचं बजेट आधी लिहिता आलं. अकाउण्टण्ट माणूस, त्याला सुख कशात मिळेल सांगता येत नाही!

चारशे रुपयांचा माणूस

त्या फळ्यावरची रिक्षाभाड्याची ओळ कुणासाठी होती ते सांगायचं राहिलं. असल्फ्याच्या टेकडीवर राहणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा. लोकलमधून पडला, दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. आपण दारात लटकून जातो तेव्हा हा विषय डोक्यात आणत नाही, पण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दोन हजारांहून जास्त माणसं मेली आणि तितकीच जखमी झाली. पोलिओ देशातून गेला, २०१४ मध्ये तसं प्रमाणपत्रही मिळालं. कॅप्टनच्या पिढीचे बहुतेक खेळाडू पोलिओचे. पुढच्या पिढीचे कुठून येतात, ते तुम्ही-आम्ही रोज ९:१० च्या फास्टला बघतो.

हा मुलगा तीन रविवार आला आणि यायचा थांबला. कंटाळला असेल असं सगळ्यांना वाटलं. कॅप्टनने फोन केला तेव्हा कळलं, भाऊ त्याला पाठीवर घेऊन टेकडी उतरतो, तिथून मुलुंडपर्यंत रिक्षा, जाऊन-येऊन चारशे रुपये. भावाची एका दिवसाची कमाई त्याच्या दीडपट. घाटकोपर-अंधेरी मेट्रोचं असल्फा स्टेशन टेकडीखालीच आहे, लिफ्ट आहे, व्हीलचेअर थेट डब्यात जाते. पण मेट्रो अंधेरीला नेते आणि कोर्ट मुलुंडला! अंधेरीला शहाजीराजे क्रीडा संकुल आहे, मुलुंडला प्रियदर्शिनी क्रीडा संकुल, दोन्ही महापालिकेच्या प्रतिष्ठानची. अपंगांना खेळात सामावून घेण्याबद्दल २०१६ च्या कायद्यात स्वतंत्र कलमच आहे. तेव्हा कोर्टचा एक तास, आठवड्यातून एकदा, यासाठी अर्ज करायला हरकत नाही. कॅप्टनने ड्राफ्ट केलाय. आमच्या ऑफिसच्या लीगलवाल्याने फुकटात तपासून दिला, त्यातही ‘सदरहू’ हा शब्द अकरा वेळा घातला.

तोवर रिक्षा. बावीसशेपैकी सोळाशे रुपये, महिन्याचे चार रविवार, एकाच मुलावर. टीममध्ये यावर चांगलंच वाजलं. ‘टेम्पो सगळ्यांचा, रिक्षा एकाची,’ असं एक जण म्हणाला आणि त्याचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. कॅप्टनने हिशेबाची वही पुढे ठेवली आणि विचारलं, नऊचे आठ झालो तर टेम्पो स्वस्त होणार आहे का? मतदान झालं. पाच विरुद्ध तीन.

खिशाचं गणित

अशा एखाद्या टीमला मदत करायची असेल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. टॅक्स वाचेल म्हणून देत असाल तर आधी आपण कुठल्या करप्रणालीत आहोत ते पाहा. ज्याला सगळे ‘एटीजी’ म्हणतात ती देणगीची सूट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि ऑफिसमधली निम्मी जनता नकळत तिथेच गेलेली आहे. जुन्या प्रणालीत असाल तरी दोन हजारांच्या वरची रोख देणगी सुटीत धरत नाहीत, म्हणून पैसे बॅंकेतून द्या आणि पावतीवर नोंदणी क्रमांक बघा. जुनी व्हीलचेअर द्यायची असेल तर आधी विचारा. हॉस्पिटलची खुर्ची कोर्टवर चालत नाही, ती फक्त स्टिल्टमधली जागा अडवते. आणि पैसे नसतील तर रविवारची सकाळ द्या. खुर्च्या टेम्पोत चढवायला दोन माणसं कायम कमी असतात. स्कोअर लिहायला माणूस आहे, ती जागा भरलेली आहे.

असल्फ्याचा मुलगा आता नियमित येतो. त्याचा हात वेगवान आहे, नेम अजून वाईट आहे. परवा ग्रुपवर त्याचा मेसेज आला, ‘ताई, फंडातून ग्लोव्हज घेतले तर चालतील का? तळहाताची सालं निघतात.’ मी ‘विचारून सांगते’ लिहायच्या आत कॅप्टनचं उत्तर पडलं होतं: ‘घे. बिल आण. आणि रविवारी एक तरी बॉल रिंगला लाव.’